पेटी, पियानो आणि हौशी वादक



जळगांवहून अजिंठ्याचीं लेणीं पाहावयास निघालेला प्रवासी नेरी मागें टाकून पहूर या गांवावरून पुढें जातो. जामनेर तालुक्यांतील हें गांव फार मोठें नाहीं. पण पहूर काय किंवा खानदेशांतील दुसरें कोणतेंहि गांव काय, एकादशीच्या रात्रीं भजन बसलें म्हणजे मृदंगाशेजारीं पेटी असावयाचीच. ती वाजविणारा गृहस्थ कधीं शिक्षक असतो, कधीं दुकानदार, कधीं कचेरींतला कारकून. संगीत हा त्याचा धंदा नसतो. दिवसभराचें काम आटोपून तो पेटीला हात घालतो. आजच्या भाषणांत ज्या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे, तो अशा गृहस्थाचा प्रश्न आहे. समजा, त्यानें कोठें तरी मोझार्टचा किंवा बेथोव्हनचा एखादा पियानो-सोनाटा ऐकला, तो त्याच्या मनांत घर करून राहिला, आणि "हें मला वाजवितां येईल काय?" असें त्यास वाटूं लागलें. त्याला आपण काय उत्तर द्यावें?

साधारणपणें अशा माणसाला दोन उत्तरें मिळतात. पहिलें असें कीं, तुमचें वय गेलें, जवळ गुरु नाहीं, आणि तें संगीत आपलें नव्हे. दुसरें अगदीं उलट: पेटीच्या पट्ट्या काळ्या-पांढऱ्या, पियानोच्याहि काळ्या-पांढऱ्या, बोटें फिरतातच, तेव्हां मेहनत केली कीं झालें. मला वाटतें, हीं दोन्ही उत्तरें चुकीचीं आहेत. प्रौढ वयाच्या हौशी माणसाला अवघड सोनाटा शिकतां येतो. परंतु त्यांतील अवघडपणा जेथें असेल असें त्याला वाटतें, तेथें तो नसतो. बोटांच्या चपळाईची चिंता तो करतो. खरी अडचण डाव्या हातांत, पट्टीच्या वजनांत आणि कानाच्या संवयींत असते. हें आधीं समजलें तर वर्षें वांचतात; न समजलें तर चांगला होतकरू माणूस सहा महिन्यांत निराश होऊन वाद्य झांकून ठेवतो.

प्रथम 'हौशी' या शब्दाविषयीं थोडें बोलूं. मराठींत एखाद्याला हौशी म्हटलें कीं, त्यांत किंचित् कमीपणाची छटा येते. सोनाटा ज्या काळांत वाढला, त्या काळीं ही छटा नव्हती. थोर योहान सेबास्टिअन बाख याचा पुत्र कार्ल फिलिप इमॅन्युएल बाख यानें १७७९ ते १७८७ या अवधींत आपल्या रचनांचे सहा संग्रह छापले. ते 'जाणकारांसाठीं आणि प्रेमिकांसाठीं' आहेत असें त्यानें मुखपृष्ठावरच जाहीर केलें. प्रेमिक म्हणजे हौशी वादक. हायडननें १७८० सालीं प्रसिद्ध केलेले सहा सोनाटा व्हिएन्ना येथील दोन आउएनब्रुगर भगिनींना अर्पण केलेले आहेत. छातीवर बोटांनीं ठोकून आंतील रोग ओळखण्याची जी रीत आजहि डॉक्टर वापरतात, ती शोधून काढणाऱ्या वैद्याच्या या मुली. बेथोव्हनचा ओपस १०१ हा सोनाटा १८१७ सालीं छापला गेला. चांगल्या कसलेल्या वादकालाहि तो जड जातो; पण तो अर्पण केला आहे डोरोथेआ फॉन एर्टमन या बाईंना, आणि त्या होत्या ऑस्ट्रियाच्या सैन्यांतील एका अधिकाऱ्याच्या पत्नी. त्या काळीं सोनाटा हा मुख्यत्वें मोठ्या सभागृहांतील प्रकार नव्हता. तो घरच्या दिवाणखान्यांत, चार माणसांसमोर वाजे. म्हणजे आपल्या कारकुनाला किंवा शिक्षकाला सोनाटा वाजवावासा वाटला, तर तो दुसऱ्याच्या वाड्यांत चोरपावलांनीं शिरत नाहीं; जें घरांतल्या माणसांसाठीं लिहिलें गेलें, तेंच तो आपल्या घरीं आणीत असतो.

ही परंपरा अजून संपलेली नाहीं. अमेरिकेंतील फोर्ट वर्थ या शहरीं १९९९ सालापासून हौशी पियानोवादकांची एक आंतरराष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली. तिच्यांत पस्तिशीच्या आंतील माणसाला प्रवेश नाहीं आणि वादन हा ज्याचा धंदा आहे त्यालाहि नाहीं. 'गार्डियन' या इंग्रजी दैनिकाचे त्या वेळचे संपादक ॲलन रसब्रिजर यांनीं पन्नाशी उलटल्यावर शोपँची पहिली बॅलाड ही महाकठीण रचना शिकावयास घेतली आणि त्या खटाटोपाची हकीकत २०१३ सालीं पुस्तकरूपानें छापली. वर्तमानपत्राच्या धांवपळींतून रोज सुमारें वीस मिनिटें काढावयाचीं, एवढाच त्यांचा नेम होता.

आतां सोनाटा म्हणजे काय, तें पाहूं. तीन किंवा चार निरनिराळ्या भागांची ही सलग रचना असते. एक भाग जलद, एक संथ, शेवटचा पुन्हां जलद, अशी तिची सर्वसाधारण ठेवण. तिचें मर्म पहिल्या भागांत सांपडतें, आणि तें समजावयास पेटीवाल्याची परिभाषाच सर्वांत सोयीची आहे. आपल्याकडे षड्ज हा ध्रुवासारखा अचल असतो. तंबोरा एकदां जुळला कीं, राग बदलो, ताल बदलो, षड्ज आपली जागा सोडीत नाहीं. सोनाटांत षड्जच प्रवासाला निघतो. मोझार्टचा एक सुप्रसिद्ध सोनाटा घ्या. कोखेलनें केलेल्या सूचींत त्याचा क्रमांक ५४५ आहे. १७८८ च्या जूनमध्यें मोझार्टनें स्वतःच्या वहींत त्याची नोंद 'नवशिक्यांसाठीं' अशी केली. त्याचा आरंभ पांढरी एक हा षड्ज धरून होतो. चौदाव्या मात्राखंडाच्या सुमारास दुसरी सुरावट येते, तोंपर्यंत षड्ज हलून पांढरी पांचवर गेलेला असतो. येथपर्यंतची ती प्रस्तुति. पुढें छोटासा विस्तार. त्यांत सूर कोमल होतात, षड्ज एका जागीं ठरत नाहीं, आणि ऐकणाऱ्याला क्षणभर आपण कोठें आहोंत हें कळेनासें होतें. मग पहिली सुरावट परत येते. पण गंमत अशी कीं, ती घरीं न येतां पांढरी चारवर येते. शेवटीं दुसरी सुरावट मूळच्या पांढरी एकवर वाजते, तेव्हां खरें घरीं आल्याचें समाधान होतें. घर सोडणें, वाट चुकणें आणि परत येणें, हें सोनाटाचें कथानक आहे. ज्याच्या कानाला हा षड्जाचा प्रवास कळला नाहीं, त्याला पट्ट्या बरोबर दाबूनहि सोनाटा वाजवितां येत नाहीं. तो फक्त अक्षरें वाचतो, वाक्य वाचीत नाहीं.

हा प्रवास शक्य होतो तो ज्या गोष्टीमुळें, तिच्याबद्दल पेटीनें आपल्या देशांत पुष्कळ शिव्या खाल्ल्या आहेत. सप्तकाचे बारा अगदीं समान भाग केले कीं, कोणत्याहि पट्टीला षड्ज मानून वाजवितां येतें. मात्र त्या मोबदल्यांत प्रत्येक स्वराला थोडी तडजोड करावी लागते. तंबोऱ्याच्या तारेंतून आपोआप उमटणारा गंधार आणि पेटीचा गंधार शेजारीं ठेवून पाहावेत. पेटीचा किंचित् चढा लागतो. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनीं याच कारणासाठीं श्रुतींचा ध्यास घेतला आणि क्लेमंट्स या इंग्रज अधिकाऱ्याच्या सहकार्यानें श्रुति-हार्मोनियमचा प्रयोग केला. ऑल इंडिया रेडिओनें तर १९४० सालीं पेटीला केंद्रांतून हद्दपार केलें, आणि ती बंदी पुढें अनेक वर्षें टिकली. रागसंगीताच्या दृष्टीनें ही तक्रार खोटी नव्हती. पण जी तडजोड रागाला जाचते, तीच सोनाटाचा पाया आहे. बारा घरें सारखीं असल्यावांचून षड्जाला एका घरांतून दुसऱ्या घरीं इतक्या मोकळेपणानें हिंडतां येणार नाहीं. तेव्हां पेटी वाजविणाऱ्या माणसाचा कान, त्याच्या नकळत, सोनाटाच्या गांवाला अर्धी वाट चालून गेलेला असतो. ही त्याची पहिली शिदोरी. गायकाचा षड्ज बदलला कीं तींच बोटें दुसऱ्या पट्टीवरून फिरविण्याची संवय, ही दुसरी. ज्यानें आज काळी एकचा आणि उद्यां पांढरी पांचचा गायक सांभाळला आहे, त्याला कागदावरील काळ्या पट्ट्यांचीं चिन्हें पाहून भय वाटण्याचें कारण नाहीं.

आतां त्याच्या अडचणींकडे वळूं. पहिली अडचण डावा हात. हातपेटीवर डावा हात भाता हलवितो. सूर सारे उजव्या हातानें काढावयाचे. जुन्या संगीत नाटकांतील ऑर्गनचा भाता पायांनीं चाले, म्हणून दोन्ही हात मोकळे असत. परंतु आपलें संगीत एकाच सुरावटीचें असल्यामुळें डाव्या हाताला स्वतंत्र काम बेताचेंच मिळे. सोनाटांत डावा हात नोकर नसतो, भागीदार असतो. मोझार्टच्या त्या सोनाटांत आरंभीं डावा हात 'सा-प-ग-प' अशी झुलती साथ धरतो. ऐकावयास ती अगदीं साधी. पण सगळे सूर सारखे, हलके, आणि उजव्या हाताच्या सुरावटीखालीं दबलेले ठेवणें हें चार-सहा महिन्यांचें काम आहे. पुढें सुरावट परत येते तेव्हां उजव्या हातानें घेतलेल्या सरळ ताना डाव्या हातालाहि घ्याव्या लागतात. चाळीस वर्षें भाता हलविलेल्या हाताला हें एकाएकीं कसें साधणार? म्हणून पेटीवाल्यानें पियानोवर पहिले तीन महिने तरी उजव्यापेक्षां डाव्या हाताला दुप्पट वेळ द्यावा. अंगठा हें पहिलें बोट आणि करंगळी पांचवें, असे आंकडे कागदावर छापलेले असतात, ते पाळावेत. पेटीवर तीन-चार बोटांत निभावून नेण्याची जी संवय लागलेली असते, ती येथें पुढच्या वळणावर हमखास अडविते.

दुसरी अडचण पट्टीच्या वजनाची. पेटीची पट्टी दाबली कीं हवा जाते, आणि हवा आहे तोंपर्यंत सूर टिकतो. पट्टी हळू दाबली काय आणि जोरानें दाबली काय, सूर तोच. पियानोची रचना निराळी आहे. पट्टी दाबली कीं आंतील नमदा चढविलेला हातोडा तारेवर आपटून मागें येतो. त्या क्षणापासून सूर विझूं लागतो. त्याला पुन्हां फुलवितां येत नाहीं. पट्टी किती वेगानें खालीं गेली, एवढ्यावरच त्याचा लहान-मोठेपणा ठरतो. इटलींतील क्रिस्टोफोरी यानें १७०० च्या सुमारास हें वाद्य बनविलें, त्याचें नांवच मुळीं 'मृदु आणि प्रबळ' या अर्थाचें आहे. गायकी अंगाची पेटी कशी वाजवावी हें गोविंदराव टेंब्यांसारख्यांनीं दाखवून दिलें; सूर एकाला एक चिकटून, श्वास न तुटतां. पियानोवर तोच परिणाम साधावयाचा, पण विझणाऱ्या सुरांतून. त्यासाठीं पुढचा सूर मागच्या सुराच्या विझत्या उंचीशीं जुळवून घ्यावा लागतो. ज्याला मोठा पियानो परवडत नाहीं, त्यानें विजेवर चालणारें वाद्य घेतलें तरी चालेल; मात्र त्याला पूर्ण ८८ पट्ट्या असाव्यात आणि त्यांना पियानोसारखें वजन असावें. हलक्या पट्टीच्या खेळण्यावर दोन वर्षें घालविलीं, तर बोटांना वजनाची ओळखच होत नाहीं.

तिसरी अडचण लिपीची. आपल्याकडे भातखंडे आणि पलुस्कर यांनीं स्वरलेखनाच्या पद्धती दिल्या. परंतु आपल्या संगीतांत लिपि ही स्मरणाची काठी आहे, चालणारा पाय गुरूच्या गळ्यांतून मिळतो. सोनाटाच्या बाबतींत रचनाकारानें सगळा मजकूर कागदावर सोंपविलेला असतो. पांच-पांच रेघांच्या दोन ओळी, वरची बहुधा उजव्या हाताची, खालची डाव्याची. दोन्ही एकाच नजरेनें वाचावयाच्या. मोबाइलवर पाहून, कोणती पट्टी केव्हां दाबावी एवढें पाठ करणारे पुष्कळ आहेत. त्यांचें पहिलें पान झटकन् बसतें आणि दुसरें कधींच येत नाहीं. कारण पाठ केलेल्या हालचाली एका जागीं तुटल्या कीं, पुन्हां कोठून धरावें हें त्यांना सांगतां येत नाहीं. रोज पंधरा मिनिटें सोप्या, अनोळखी ओळी हळू वाचीत गेलें, तर वर्षभरांत प्रौढ माणूसहि वाचक होतो.

मग आरंभ कोठें करावा? 'चांदण्याचा सोनाटा' या नांवानें ओळखला जाणारा बेथोव्हनचा ओपस २७ मधील दुसरा सोनाटा बहुतेकांच्या मनांत असतो. तें नांव बेथोव्हननें दिलेलें नाहीं. तो वारल्यावर रेल्श्टाब नांवाच्या टीकाकाराच्या एका उपमेवरून तें रूढ झालें. १८०१ सालचा हा सोनाटा काळी एकवर, कोमल गंधार-धैवत घेऊन चालतो. पहिला भाग संथ असल्यामुळें तो नवशिक्यालाहि वश होईलसा वाटतो, आणि तो थोडाफार होतोहि. पण त्यांत एक बारकावा आहे. खालीं तीन-तीनांचे गट अखंड चाललेले असतात, आणि वरच्या सुरावटींत मधून एक अगदीं आखूड सूर येतो. तो तिसऱ्या सुराबरोबर न येतां त्याच्या किंचित् मागून यावयास हवा. आडलयीचा परिचय असलेल्या तबल्याच्या शोकीनाला ही जागा चटकन् कळेल. इतकें साधलें तरी पुढें तिसरा भाग उभा असतो, आणि तो म्हणजे वादळ आहे. म्हणून ओळ अशी लावावी: प्रथम क्लेमेंटीच्या १७९७ च्या ओपस ३६ मधील छोट्या सोनाटिना, मग बेथोव्हनचे ओपस ४९ चे दोन सोनाटा, जे १८०५ सालीं 'सोपे' म्हणूनच छापले गेले, त्यानंतर मोझार्टचा ५४५, पुढें हायडनचे कांहीं, आणि त्यानंतर बेथोव्हनचा ओपस १३ किंवा चांदण्याचा. हा मार्ग दोन-तीन वर्षांचा आहे, सहा महिन्यांचा नव्हे.

मेहनत कशी करावी, याविषयीं हिशेब करून सांगतों. मोझार्टच्या त्या सोनाटाचा पहिला भाग ७३ मात्राखंडांचा आहे. आठवड्याला चार खंड घेतले, तर तो अठरा-एकोणीस आठवड्यांत पुरा होतो. रोज वीस मिनिटें म्हणजे वर्षाला सुमारें १२० तास. एवढ्या तासांत माणूस पुष्कळ कांहीं करूं शकतो. अट एवढीच कीं, त्यानें रोज पहिल्या खंडापासून आरंभ करूं नये. हौशी माणसाची सर्वांत मोठी चूक हीच असते. सुरुवात छान वाजते म्हणून तो तीच वाजवितो, अवघड जागीं अडखळतो, आणि पुन्हां सुरुवातीला येतो. अशा रीतीनें पहिलीं आठ खंडें हजार वेळां वाजतात आणि अडखळणें हजार वेळां पाठ होतें. त्याऐवजीं अवघड चार खंड निवडावेत, एकेका हातानें बसवावेत, मग दोन्ही हात जुळवावेत; आणि हें सर्व ठायलयींत. गायकाला ठाय, दुगुन, चौगुन ही चढण ठाऊक असते. येथेंहि तीच आहे. १८१५ पासून प्रचारांत आलेला लंबक घड्याळासारखा टिकटिकत तिला मदत करतो. पाचोरा ते जामनेर ही पहुरावरून जाणारी छोटी आगगाडी २०२० सालीं थांबली. सुमारें ५६ किलोमीटरची तिची वाट ती इतक्या संथपणें कापी कीं, खिडकींतून बाभळी मोजाव्यात. नवा खंड तसा वाजवावा. प्रत्येक सूर मोजतां आला, म्हणजे मगच गति वाढवावी. ज्या गतीला चूक होते, ती गति आपली नव्हे.

गतीच्या मोहाबरोबर दुसरा धोका शरीराचा आहे, आणि तो गंभीरपणें सांगितला पाहिजे. ओपस १३ च्या पहिल्या भागांत डाव्या हाताला एकाच स्वराच्या खालच्या-वरच्या सप्तकांतील दोन पट्ट्या करंगळी आणि अंगठा यांनीं आळीपाळीनें, मोठ्या वेगानें, ओळीच्या ओळी हलवाव्या लागतात. बोटांच्या ताकदीवर हें करूं गेलें, तर एका मिनिटांत कोपरापर्यंत लाकूड होतें. तेथें कुलुपांत किल्ली फिरवावी तसा सबंध हात वळला पाहिजे. बोटें नुसतीं निमित्ताला. दुखलें कीं थांबावें. रॉबर्ट शूमान याचें उजव्या हाताचें एक बोट १८३२ च्या सुमारास निकामी झालें आणि वादक होण्याची त्याची आशा मावळली. कारणांविषयीं मतभेद आहेत, पण तेव्हां तो ऐन तारुण्यांत होता हें ध्यानांत ठेवावें. दिवसभर लेखणी किंवा संगणक चालविलेल्या चाळिशीच्या हातानें तर अधिक जपावें.

मर्यादाहि मोकळेपणानें मान्य कराव्यात. १८१८ सालीं पुरा झालेला बेथोव्हनचा ओपस १०६ हा सोनाटा त्यानें स्वतः लंबकाची गति लिहून दिलेला एकच पियानो-सोनाटा आहे. पहिल्या भागाला त्यानें दिलेली गति आजहि थोडेच वादक पाळतात. अशा रचना हौशी माणसानें ऐकाव्यात, कागद पुढें ठेवून वाचाव्यात, त्यांतील एखादें पान हळू वाजवून पाहावें. चांदण्याच्या सोनाटाचा तिसरा भाग पांच वर्षांनींहि ठरलेल्या गतीला आला नाहीं, तर त्यांत लाज नाहीं. पाऊणपट गतीनें, पण षड्ज कोठून कोठें गेला हें ओळखून वाजविलेला भाग, घाईनें पुसट केलेल्या भागापेक्षां बेथोव्हनच्या अधिक जवळ असतो.

गुरूविषयीं एक शब्द. मुंबईस १९६९ सालीं स्थापन झालेलें राष्ट्रीय संगीत-नाट्य केंद्र आहे. १८६५ पासूनची फुर्टाडोची वाद्यांची आणि स्वरलिपींच्या पुस्तकांची पेढी आहे. गोव्यांत तर चर्चच्या शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या रेघांवरची लिपि शिकविली गेली आणि तेथूनच मुंबईच्या चित्रपटसृष्टीला शेंकडों वादक मिळाले. लंडनच्या दोन संस्थांच्या आठ श्रेणींच्या परीक्षा मुंबई, पुणें, गोवें येथें होतात. जळगांव-धुळ्याच्या माणसाला हें सर्व दूर आहे खरें. तरीहि महिन्यांतून एकदां, प्रत्यक्ष किंवा दूरचित्राच्या साहाय्यानें, जाणत्याला हात दाखवावा. मनगट आंखडलें आहे कीं नाहीं, हें स्वतःच्या कानाला कळत नाहीं. दुसऱ्याच्या डोळ्याला कळतें.

राहिला तो 'हें आपलें नव्हे' हा आक्षेप. ज्या पेटीवर आपण अभंग म्हणतों, तिचा जन्म पॅरिसचा. दबें नांवाच्या कारागिरानें १८४२ सालीं तिचा हक्क नोंदविला. ज्या परिचयधुनीनें आकाशवाणीचें प्रक्षेपण पिढ्यान्‌पिढ्या सुरू झालें, ती १९३४ सालीं मुंबईस आलेल्या वॉल्टर कॉफमन या युरोपीय संगीतकाराची म्हणून ओळखली जाते, आणि तरीहि ती ऐकून कोणालाहि परकें वाटलें नाहीं. केशवराव भोळ्यांनीं प्रभातच्या चित्रपटांत पियानो आणि व्हायोलिन वापरलें तें मराठी गाणें अधिक मराठी व्हावें म्हणूनच. आपलेपणा जन्मानें मिळतो तसा संवयीनेंहि मिळतो, आणि संवय ही कष्टानें कमवावयाची वस्तु आहे.

आणि हे कष्ट कशासाठीं? जगांतील सर्वश्रेष्ठ वादकांचें वादन आज खिशांतील यंत्रावर ऐकावयास मिळतें. मग पहुराच्या गृहस्थानें तें अडखळत वाजवून काय मिळवावें? याचें उत्तर असें कीं, ऐकणारा घराबाहेरून खिडकींतला दिवा पाहतो, वाजविणारा घरांत राहून येतो. पांढरी एकवरून पांढरी पांचवर जातांना डाव्या हाताचें कोणतें बोट आधीं हललें, हें ज्याच्या हातानें अनुभवलें, त्याला पुढच्या वेळीं तोच सोनाटा ऐकतांना दुसरेंच कांहीं ऐकूं येतें. त्याचा पेटीवरचा हातहि बदलतो. मागच्या सुराचें वजन पुढच्या सुराला देण्याची संवय भजनांतहि कामास येते.

शेवटीं घरांतल्या मंडळींना विनंति. घरांत कोणी प्रौढ माणूस असें कांहीं शिकूं लागला, तर त्याचीं वीस मिनिटें राखावींत. तेच चार मात्राखंड महिनाभर कानांवर पडतील. त्याचा कंटाळा येईल, हेंहि खरें. पण "अजून तेंच का?" असें विचारूं नये. तीन आठवड्यांनीं त्यास विचारावें, "आज डाव्या हाताचें काम किती झालें?" हा प्रश्न ज्या घरांत विचारला जातो, तेथें सोनाटा पुरा होण्याची शक्यता पुष्कळ वाढते.